सतराव्या पायरीवरचा तिसरा

माळ्यावरची रेकॉर्ड खाली काढावी की नाही, एवढाच प्रश्न होता. शहाण्या माणसाने असले प्रश्न बायकोला विचारून सोडवावेत. कानवाल्यांनी तो आपला आपण सोडवला, आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या वडिलांची बॅग भरायची वेळ आली.

कानवाले एका दवाखान्यात लोकांची श्रवणचाचणी घेत. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून बटण दाबून बारीकसा 'बीप' सोडायचा आणि तो ऐकू आला की बोट वर करायला सांगायचं. दिवसाकाठी तीस माणसं बोटं वर करून जायची. कानवाले सव्वीस वर्षं हेच करत होते. (त्यांच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी कोणाचा तरी फोन 'बीप' वाजला तेव्हा त्यांनी पाच पाहुण्यांची बोटं मोजली होती असं बायको सांगते. ते खोटं आहे. तीनच होती.)

चार वाजता ते घरी येत. बायको शाळेत भूगोल शिकवायची, ती सव्वासहाला उगवायची. तोवर घरात आप्पा. आप्पा म्हणजे कानवाल्यांचे वडील, वय ब्याऐंशी, कोर्टातले निवृत्त लघुलेखक. अडतीस वर्षं त्यांनी साक्षीदारांच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द शॉर्टहँडमध्ये उतरवला, आणि निवृत्त झाल्यावर चारच वर्षांत कानांनी दगा दिला. मुलगा कानवाला आणि बाप बहिरा. यावरचे सगळे विनोद कानवाल्यांनी दवाखान्यात ऐकून झाले होते.

तसं त्यांनी वडिलांसाठी काही केलं नव्हतं असं नाही. उत्तमातलं हिअरिंग एड आणलं होतं. टीव्ही नीट ऐकू यावा म्हणून हॉलच्या भिंतींच्या कडेने वायर काय फिरवली, मधल्या खोलीत ॲम्प्लिफायर काय बसवला, सुनेने तिथूनच 'चहा झाला' असं सांगावं म्हणून माइक काय जोडला. आप्पांनी दोन दिवस बातम्या ऐकल्या आणि 'ऐकण्यासारखं काही उरलं नाही' असं म्हणून टीव्ही बंद केला तो केलाच. सून म्हणाली, "चहा झाला हे सांगायला मी कप घेऊन जातेच की." झालं. कानवाल्यांच्या आयुष्यातलं एकमेव संशोधन धूळ खात पडलं.

आता ती रेकॉर्ड. तिचं नाव 'सतरावी पायरी'. हेवी मेटल. कानवाले एकोणीस वर्षांचे असताना एका मित्राने परदेशी जाताना ती त्यांच्या हातात ठेवली होती. कव्हरवर तळघराचा काळोखा जिना, आणि जिन्याच्या तळाशी नखाएवढी एक बाई, पाठमोरी. आत नऊ गाणी, पण गाणी नुसती म्हणायला. सगळी मिळून एकच गोष्ट. एक माणूस भाड्याने घर घेतो. घराच्या मालकीणबाई सांगतात, "तळघराला सोळा पायऱ्या आहेत, पण मोजू नका." मालकीणबाई वारून वीस वर्षं झालीत हे त्याला दुसऱ्या गाण्यात कळतं. तो पायऱ्या मोजतो. सतरा भरतात. तेव्हापासून दर गाण्याला मालकीणबाई थोड्या थोड्या वर येऊ लागतात. आवाज दोनच. भाडेकरूचा घोगरा, आणि मालकीणबाईंचा असा उंच आणि बारीक, की दाताला थंड पाणी लागावं. मागे दोन गिटारी, आणि ढोल असे की छातीची फळी हलते. शेवटच्या गाण्यानंतर सुई अखेरच्या चरीत अडकते. ती चर मुद्दामच तशी कोरलेली आहे. तिथे फक्त दारावरची टकटक वाजत राहते. टक, टक, टक. सुई उचलेपर्यंत ती थांबत नाही.

एकोणिसाव्या वर्षी कानवाल्यांनी ही रेकॉर्ड मोठ्याने लावली होती, ती एकदाच. आप्पा कोर्टातून आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "ही रेकॉर्ड या घरात पुन्हा वाजणार नाही." त्या हुकमावर गेल्या बत्तीस वर्षांत अपील झालं नव्हतं.

मग एका सोमवारी काय झालं कोण जाणे. दिवसभरात चौतीस जणांना 'आला का?' असं विचारून कानवाले घरी आले, आणि त्यांना वाटलं, आपल्यालाही कोणीतरी काहीतरी मोठ्याने सांगावं. अर्धवट नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी शिडी लावली. रेकॉर्ड काढली, प्लेअर काढला, मधल्या खोलीतल्या ॲम्प्लिफायरची धूळ फुंकली आणि त्याला हेडफोन जोडले. हॉलमध्ये आप्पा खुर्चीत बसले होते. बहिऱ्या बापाला ऐकू जाऊ नये म्हणून हेडफोन लावणारा हा जगातला पहिलाच मुलगा असावा.

पहिल्या गाण्यातच त्यांच्या अंगावर काटा आला. दुसऱ्यात ते एकोणीस वर्षांचे झाले. तिसऱ्यात गाऊ लागले. आणि नवल म्हणजे, त्या दोघांच्या आवाजात आपला आवाज इतका छान मिसळतोय असं त्यांना हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येत होतं, की शाळेत गाण्याच्या बाईंनी आपल्याला रांगेत मागे उभं करून नुसते ओठ हलवायला का लावलं, हे कोडं त्यांना पडलं. शेवटी टकटक सुरू झाल्यावर त्यांनी हेडफोन खाली ठेवले आणि सुई तशीच फिरती ठेवून चहा टाकायला गेले. मालकीणबाईंना दारात ताटकळत ठेवून आपण चहाला जायचं, यात त्यांना एक मोठेपणा वाटला.

हे रोज पाच वाजता सुरू झालं.

मंगळवारी सव्वासहाला तिघं चहा घेत होते. आप्पा एरवी चहाला बोलत नसत. त्या दिवशी ते कप खाली ठेवून म्हणाले, "तो नवा भाडेकरू. त्याला सांगितलं होतं ना, पायऱ्या मोजू नको म्हणून?"

कानवाल्यांचं बिस्किट चहात पडलं.

"आप्पा, आपल्याकडे भाडेकरू नाहीये," बायको त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली.

आप्पांनी ते ऐकलं नाही. कानामागचं बटण चाचपत ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर उजेड कमी होत चालला होता. "मोजणारच तो," ते हळूच म्हणाले. "न मोजता राहवत नाही माणसाला."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिला वाटलं, वडिलांच्या काळजीने. तिला काय माहीत, की ते वाक्य दुसऱ्या गाण्यात जसंच्या तसं आहे आणि ते हेडफोनबाहेर गेलेलं नाही. समोर फटाका फुटला तरी मान न वळवणाऱ्या माणसाला ते कळलं कसं?

बुधवारी आप्पा म्हणाले, "मालकीणबाई चौथ्या पायरीवर आल्या."

गुरुवारी म्हणाले, "सातव्या."

कानवाल्यांची पाचावर धारण बसली. सांगावं तर बत्तीस वर्षांची बंदी मोडल्याचं सांगावं लागणार. न सांगावं तर घरात कोण जिना चढतंय? त्यांनी रेकॉर्डचं कव्हर काढून उजेडात धरलं. ती नखाएवढी बाई पूर्वी अगदी तळाशी होती असं त्यांना आठवत होतं. आता ती जराशी वर वाटली. त्यांनी बायकोची पट्टी आणून मोजली. तळापासून अकरा मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली तर बारा भरली. (आदल्या दिवशी पट्टीचं झिजलेलं टोक धरलं होतं हे नंतर लक्षात आलं. पण ती मधली अर्धी रात्र काही परत मिळाली नाही.)

गच्चीवर जाणारा जिना घरात होताच. आता बायकोनेही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली.

"अहो, आपल्या जिन्याला पायऱ्या किती?"

"सोळा."

"मोजल्यात?"

"मोजतो," असं म्हणून ते वर गेले आणि खाली आले. चढताना सोळा भरल्या, उतरताना सतरा. मग ती गेली. तिच्या उतरताना सोळा आणि चढताना सतरा. दोघांनी हात धरून एकत्र मोजल्या तेव्हा पंधरा भरल्या, आणि त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. कपडे वाळत घालायला मात्र दोघंही जोडीने जाऊ लागले. शेजारच्या काकू बायकोला म्हणाल्या, "किती गं प्रेम तुमचं या वयात."

शुक्रवारी कानवाले सहाच्या सुमाराला स्वयंपाकघरात चहा टाकत होते. मधल्या खोलीत हेडफोन टेबलावर पडलेले, सुई शेवटच्या चरीत. घर इतकं शांत, की पाण्याला उकळी येण्याआधीचा बारीक आवाज ऐकू यावा. एवढ्यात हॉलमध्ये खुर्ची सरकली. आप्पा उठले. काठी न घेता, एकेक पाऊल टाकत दाराकडे गेले. कडी काढली. दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. संध्याकाळचा गार वारा आत आला आणि टेबलावरचा पेपर सरकन खाली पडला.

"या," आप्पा रिकाम्या दाराला म्हणाले. जरा वाट पाहिली. मग बाजूला झाले, जसं कोणाला आत यायला जागा करून द्यावी.

चहा उतू गेला. कानवाले आपल्याच घराच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या आड उभे होते.

शनिवारी वही सापडली. बायको उशीचे अभ्रे बदलत होती, तर उशीखाली लांबट वही आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली. आत पानामागून पान नुसती शॉर्टहँड. आकडे, हुक, तिरक्या रेघा, अडतीस वर्षांच्या सवयीची झरझर. घरातल्या कोणालाच ती लिपी येत नव्हती.

"हे तर त्यांचं नेहमीचंच," कानवाले उसन्या अवसानाने म्हणाले.

"अहो, पण शॉर्टहँड माणूस कधी लिहितो? कोणी सांगत असेल तेव्हा." तिने वही मिटली. "त्यांना ऐकू येत नाही. मग ते कोणाचं लिहून घेतायत?"

 कानवाल्यांनी रविवारी आणि सोमवारी रेकॉर्ड लावलीच नाही. तर दोन्ही दिवस आप्पा पाच वाजता खुर्चीत ताठ बसले, वही मांडीवर, पेन्सिल बोटांत. सहा वाजले तसे खांदे पडले. "आज कोणी आलं नाही," ते चहा न पिताच म्हणाले. तो चेहरा कानवाल्यांना बघवला नाही. मंगळवारी त्यांनी पुन्हा सुई टेकवली. (वडिलांसाठी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सहाव्या गाण्यातल्या गिटारीचा तुकडा दोन दिवस डोक्यात घोळत होता, ही गोष्ट वेगळी.)

बुधवारी ताई आली. कानवाल्यांची थोरली बहीण, मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त झाली तरी सगळं जग तिला वॉर्डच वाटायचं. तिने बेल दाबायला बोट पुढे केलं आणि दार आतून आपोआप उघडलं. आत आप्पा उभे. त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मालकीणबाई, अखेर आलात."

ताईने अर्ध्या तासात सगळं काढून घेतलं. भाडेकरू, पायऱ्या, वही, दार. मग तिने हात धुतले (निर्णय घेण्याआधी ती नेहमी हात धुते) आणि म्हणाली, "बाळ्या, वडील हातचे चाललेत. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. उद्या कोणाच्या मागे जिना उतरत बाहेर गेले तर? माझ्या ओळखीचा वृद्धाश्रम आहे, स्वच्छ, माणसं चांगली. तिथले डॉक्टर रविवारी येऊन बघतील. त्यांनी हो म्हटलं, की त्याच दिवशी नेऊ."

"पण ताई..."

"तुझ्याकडे दुसरं काही कारण आहे का, या सगळ्याचं?"

कारण मधल्या खोलीत, कपाटामागे, कव्हरसकट उभं होतं. कानवाल्यांनी तोंड उघडलं. एकावन्न वर्षांचा माणूस तो, पण जीभ एकोणीस वर्षांची झाली. "नाही," ते म्हणाले.

चार रात्री त्यांना झोप लागली नाही. वडील या घरातून जाणार, आणि आपण गप्प बसलो म्हणून जाणार. लहानपणी तापात आप्पा उशाशी बसून कोर्टातल्या साक्षी वाचून दाखवायचे, दोन वेगळे आवाज काढून. ते सगळं आठवून कानवाल्यांना रडू आलं, आणि ते उशीत तोंड खुपसून रडले. तरी बोलले मात्र नाहीत.

रविवारी साडेचारला डॉक्टर आले. किडकिडीत, शांत माणूस. ताईने भरलेली बॅग दाराशी ठेवली होती. आप्पा खुर्चीत. डॉक्टरांनी समोर स्टूल घेतलं.

"आजोबा, आज वार कोणता?"

आप्पा त्यांच्याकडे बघून भलेपणाने हसले आणि मग घड्याळाकडे पाहू लागले.

"वार कोणता?" डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं.

आप्पांची नजर घड्याळावरच. ताईने भावाकडे पाहिलं. बायकोने पदर तोंडाला लावला. पाचला दोन मिनिटं कमी होती. कानवाल्यांना तिथे उभं राहवेना. ते मधल्या खोलीत गेले, दार अर्धं लोटलं आणि कपाटामागून रेकॉर्ड काढली. हिचे तुकडे करायचे, त्यांनी ठरवलं. इथून सुरू झालं ते इथेच संपवायचं. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, गुडघ्यावर टेकवली, आणि थांबले. शेवटची बाजू एकदा ऐकून मग मोडली तर काय बिघडणार होतं? (हेवी मेटलचं व्यसन म्हणतात ते हेच.)

त्यांनी सुई टेकवली. हेडफोन उचलायला हात पुढे केला आणि सहज दाराच्या फटीतून हॉलमध्ये पाहिलं.

आप्पा ताठ बसले होते. मांडीवर वही उघडलेली. हातातली पेन्सिल कागदावरून धावत होती. डॉक्टर, ताई, बायको, तिघंही गोठून बघत होते.  पेन्सिलीचा खरखर आवाज तेवढा येत होता.

कानवाल्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्यांनी घाबरून सुई उचलली.

पेन्सिल थांबली.

त्यांनी सुई ठेवली. पेन्सिल धावली. उचलली. थांबली. पुन्हा ठेवली. धावली. उचलली. थांबली. कानवाल्यांचं डोकं बंद पडलं होतं, पण हाताला सव्वीस वर्षांची सवय होती. बीप, बोट. बीप, बोट. तीनातून दोनदा प्रतिसाद आला की ऐकू आलं असं समजायचं, हा नियम. इथे तीनातून तीनदा आला. त्यांनी मान वळवून ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. ॲम्प्लिफायरमागून एक पांढरी वायर निघाली होती, भिंतीच्या कडेने, दाराखालून, थेट हॉलमध्ये, आप्पांच्या खुर्चीमागून. ती त्यांनी स्वतः खिळे ठोकून बसवली होती. हिअरिंग एडचं बटण वायरच्या बाजूला असलं, की ॲम्प्लिफायरमधला आवाज तेवढा थेट कानात पोचतो आणि बाहेरचा बंद होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता मात्र त्यांनी विचार केला नाही. केला असता तर ते गप्पच बसले असते. रेकॉर्डचं कव्हर हातात घेऊन ते हॉलमध्ये आले, आप्पांसमोर उभे राहिले आणि त्यांच्या कानामागचं बटण सरकवून म्हणाले, "आप्पा, ती रेकॉर्ड आहे. मी लावतो. रोज. तुम्ही नको म्हणाला होतात तीच. ती या वायरमधून तुमच्या कानात जातेय. तुम्हाला काही झालेलं नाही. मीच गाढव आहे."

 आप्पांनी कव्हर हातात घेऊन निरखलं.

"तूच लावतोस हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "ताई आली की तिच्या आवाजाने डोकं उठतं म्हणून मी बटण वायरच्या बाजूला सरकवायचो, ते तिथेच राहिलं. एक दिवस पाच वाजता आत कोणीतरी बोलायला लागलं. कित्येक वर्षांनी ऐकण्यासारखं काही, एकेक शब्द स्वच्छ. मला वाटलं, मुलाने आपल्यासाठी श्रुतिका लावायची सोय केली. बरं वाटलं." त्यांनी कव्हर मांडीवर ठेवलं. "दोन दिवस लावली नाहीस, तेव्हा वाटलं कंटाळलास."

कानवाल्यांना कुठे बघावं कळेना. त्यांनी वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"मग चहाला ते सगळं का बोलायचात?" ताईने विचारलं.

"गोष्ट सांगत होतो, रोज थोडी थोडी. एकानेही पुढे काय झालं म्हणून विचारलं नाही."

"आणि दार उघडायचात ते?"

"टकटक झाली की दार उघडायचं असतं."

"आणि मला मालकीणबाई म्हणालात."

"तो विनोद होता," आप्पा म्हणाले. "तू लहानपणापासून विनोदाला हसत नाहीस."

डॉक्टरांनी घसा खाकरला. "आजोबा, आज वार कोणता?"

"रविवार. तुम्ही आधी दोनदा विचारलंत ते ओठांवरून कळलं होतं. पण पाच वाजता साक्ष सुरू होणार होती. अशा वेळी लघुलेखकाने बोलायचं नसतं."

डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. जायला मात्र उठले नाहीत. "या वहीत ती सगळी गोष्ट आहे?" त्यांनी विचारलं. "जरा वाचाल?"

आप्पांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, कोर्टात वाचतात तशी, एका सुरात, चढ नाही की उतार नाही. "भाडेकरू: घर कधीपासून रिकामं आहे? मालकीणबाई: रिकामं कधीच नव्हतं." बाहेर अंधारून येत होतं, दिवा लावायला कोणी उठेना. गिटार नाही, ढोल नाही, नुसता म्हाताऱ्याचा कोरडा आवाज, आणि तरी मालकीणबाई पायरी पायरीने वर येत होत्या. आठव्या पायरीला ताईने पाय वर घेतले. अकराव्याला डॉक्टरांनी आपलं स्टूल जिन्यापासून लांब, बायकोच्या खुर्चीला टेकवलं. कानवाल्यांनी ती गोष्ट कितीदा तरी ऐकली होती, पण त्यांच्याही पाठीतून शिरशिरी गेली.

"भाडेकरू: मागे कोण आहे? मालकीणबाई: मागे बघू नका. तिसरा: अस्पष्ट, विव्हळणे."

कानवाले दचकले. "कोण?"

"तिसरा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, रेकॉर्डवर दोनच आवाज आहेत. हे बघा, कव्हरवर छापलंय. दोघंच."

"तिसरा आहे." आप्पांनी पानं उलटून दाखवली. "प्रत्येक बैठकीत आहे. तिसऱ्या गाण्यापासून येतो. कधी त्यांच्या आधी बोलतो, कधी मागून. शब्द पुरे येत नाहीत त्याला. माणूस भयंकर यातनेत आहे. मी अडतीस वर्षं साक्षी घेतल्या, पण असा आवाज ऐकला नाही. गुरुवारी तर तो खोकला."

 रेकॉर्ड, वायर, बटण, सगळ्याचा उलगडा झाला होता. याचा झाला नव्हता. कानवाल्यांना ती रेकॉर्ड आजवर ऐकल्याच्या सगळ्या वेळा आठवल्या. इतक्या वर्षांत आपल्याला न दिसलेला कोणी त्या जिन्यावर उभा होता की काय? मधल्या खोलीचं अर्धं उघडं दार वाऱ्याने किंचित हललं. आत काळोख होता. त्या काळोखात ॲम्प्लिफायरजवळ तांबडा ठिपका लुकलुकत होता.

बायको त्या ठिपक्याकडे बघत होती. ती उठली. आत गेली. जाताना तिने आप्पांच्या कानामागचं बटण सरकवलं.

हॉलमध्ये कोणाला काही ऐकू आलं नाही. पण आप्पांनी मान वर केली आणि म्हणाले, "हो, मला अर्धाच कप."

बायको दारात आली. तिच्या हातात माइक होता, दोन वर्षांपूर्वी बसवलेला, कानवाल्यांनी ॲम्प्लिफायर सुरू केल्यापासून रोज आपोआप सुरू होणारा. तो तिने नवऱ्यापुढे धरला. "अहो," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "रेकॉर्ड ऐकताना तुम्ही गाता का?"

ताई आयुष्यात पहिल्यांदा हसली, आणि एकदा हसली ती थांबेचना. डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड केलं, त्यांचे खांदे हलत होते. आप्पांनी मात्र पूर्ण खात्री करून घेतली. मुलाला दोन ओळी म्हणायला लावल्या, डोळे मिटून ऐकल्या आणि मान डोलावली. "हाच," ते म्हणाले. मग न्यायाधीशांच्या थाटात चष्मा काढला. "बाळ्या, ही रेकॉर्ड या घरात रोज पाच वाजता वाजेल. बंदी उठवली. हा आवाज मात्र या घरात पुन्हा वाजणार नाही."

बॅगेतले कपडे ताईनेच परत कपाटात लावले.

आता रोज पाचला हॉलमध्ये गर्दी असते. हेडफोन गेले, स्पीकर आले. ताई ब्लडप्रेशर तपासायच्या निमित्ताने येते आणि पाय वर घेऊन बसते. डॉक्टर दोनदा येऊन गेले. आप्पा वही घेऊन बसतात, आणि कानवाले त्यांच्या शेजारी, शाळेत शिकवल्याप्रमाणे नुसते ओठ हलवत. नव्या प्रतीत तिसऱ्या गाण्यापाशी काय लिहिलंय ते त्यांनी परवा वडिलांना वाचायला लावलं.

"तिसरा: गैरहजर," आप्पांनी वाचलं. "कंसात, उपस्थितांना हायसे वाटले."